एक्केचाळीस ठिकाणे आणि सात दिवस

नाशिकच्या एका वाचक भगिनीने पाठवलेल्या पत्राचा सारांश असा: त्या ४६ वर्षांच्या असून एका पतसंस्थेत नोकरी करतात. यजमान सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गेली २२ वर्षे तिन्ही पाळ्यांमध्ये काम करतात. लग्नाला २१ वर्षे झाली. एकुलती मुलगी गेल्या जूनपासून शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात आहे. आजवरचे सगळे प्रवास देवदर्शनाचे, लग्नकार्याचे किंवा अख्ख्या कुटुंबाला घेऊन केलेले. दोघेच असे कुठे जाणे कधी झालेच नाही. येत्या जानेवारीत यजमानांची साठलेली रजा घेऊन सात दिवस कोलकात्याला जायचे ठरले आहे आणि तेवढे दिवस सासूबाईंजवळ राहायला सिन्नरहून नणंद येणार आहे. भगिनींनी महिनाभर खपून ४१ ठिकाणांचा तक्ता तयार केला. तो पाहून यजमान एवढेच म्हणाले, ‘तू ठरवशील ते.’ सासूबाईंना वाटते गंगासागर व्हावे, यजमानांचे सहकारी म्हणतात, ‘एवढे लांब जाताच आहात तर दार्जिलिंगही करून या.’ दोघेही शाकाहारी, त्यामुळे खाण्याची चिंता वेगळीच. सहल कंपनीबरोबर जावे का, दिवस कमी करून चारच ठेवावेत का, की शहरच चुकीचे निवडले, असे त्या विचारतात. पत्राच्या अखेरीस एक ओळ आहे: ‘मुलगी गेल्यापासून आमचे बोलणे भाजी, बिले आणि आईंच्या गोळ्या यांपलीकडे जात नाही. अनोळखी शहरात सात दिवस आम्ही दोघेच काय करणार, याची मला धास्ती वाटते.’

ताई,

तुम्ही पत्रासोबत पाठवलेला तक्ता मी दोनदा वाचला. हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाचा हात त्यात दिसतो. प्रत्येक ठिकाणापुढे अंतर, उघडण्याची वेळ, प्रवेश शुल्क आणि थांबण्याची मिनिटे आहेत. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत आठ ठिकाणे आहेत आणि दुपारच्या जेवणाला ३५ मिनिटे. नोकरी, स्वयंपाक आणि सासूबाईंचे पथ्यपाणी सांभाळून तुम्ही हे केले, त्यामुळे यजमानांनी तो कागद वरवर पाहून परत दिला तेव्हा तुमच्या मनाला लागले, हे अगदी समजण्यासारखे आहे.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे. परंतु मला तुमच्या पत्रातील शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती वाचून मी पुन्हा तक्त्याकडे वळले तेव्हा तो मला निराळा दिसू लागला. त्यात दोघांनी नुसते बसायचे आहे असे एकही घटकाभराचे स्थान नाही. दोन ठिकाणांच्या मधल्या वेळेतही ‘प्रवास ४० मिनिटे’ असे लिहून तो वेळ बंद केलेला आहे. कदाचित तुम्हालाही नकळत, या ४१ ओळी त्या धास्तीवर घातलेले पांघरूण असतील. काही पाहायचे, कुठे पोहोचायचे असले की बोलण्याची गरज पडत नाही. माझा हा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या. पण बरोबर असेल, तर तक्ता दुरुस्त करण्याआधी त्या धास्तीकडे पाहायला हवे.

आधी आपल्याच गावाकडे पाहू. नाशिकला रोज शेकडो माणसे बाहेरून येतात. सकाळी रिक्षा किंवा गाडी ठरवून रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, मुक्तिधाम, पांडवलेणी आणि संध्याकाळपर्यंत त्र्यंबकेश्वर करतात, आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. त्यांनी नाशिक पाहिले नाही असे कोण म्हणेल? तरीही तुम्हाला आणि मला ठाऊक आहे की बुधवारी गंगाघाटावर भरणारा बाजार त्यांना दिसला नाही, भांडीबाजारात तांब्याच्या हंड्यावर पडणारे ठोके त्यांच्या कानावर आले नाहीत, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढले यावरून पुराची बातमी घरोघर कशी जाते हे त्यांना कोणी सांगितले नाही. उद्या तुमची एखादी मैत्रीण नवऱ्यासह सात दिवसांसाठी नाशिकला यायची म्हणाली, तर तुम्ही तिला ४१ ठिकाणांची यादी द्याल का? तुम्ही म्हणाल, ‘अगं, आधी ये तर खरी, सकाळी घाटावर जाऊ, मिसळ खाऊ, मग बघू.’ कोलकात्यात तुम्हाला असे म्हणणारे कोणी नाही, म्हणून तुम्ही ती उणीव तक्त्याने भरून काढत आहात. एका अर्थी ही हुशारीच आहे. फक्त तिचे प्रमाण जास्त झाले आहे.

आता ‘तू ठरवशील ते’ याबद्दल. या शब्दांचा अर्थ तुम्ही ‘मला यात रस नाही’ असा लावला आहे. तसा तो असूही शकतो. पण गेली २२ वर्षे ज्या माणसाची झोप, जेवण आणि सणवार पाळीच्या फलकावर ठरले आहेत, त्याच्या जागी बसून तो कागद एकदा पाहा. सकाळी सात ते रात्री नऊ, जेवणाची सुट्टी ३५ मिनिटे. मला वाटते, रजेच्या कागदावर त्यांना पुन्हा एक पाळीच दिसली असावी, आणि तुमच्या कष्टांचा मान राखायचा म्हणून ते काही बोलले नाहीत. तुम्ही पत्रात ‘सुट्टीत ते नुसते झोपतात’ असेही लिहिले आहे. रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या शरीरावर झोपेचे देणे साठलेले असते. त्या झोपेला तुम्ही आळस किंवा तुमच्याकडे केलेले दुर्लक्ष समजू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. आराखड्यात तिला जागा ठेवा. म्हणूनच मी सुचवेन की जाताना विमानाऐवजी रेल्वेने जा. नाशिकरोडहून हावड्याला थेट गाड्या आहेत आणि त्यांना एक दिवस-रात्र आणि वर काही तास लागतात. त्या प्रवासात त्यांना हवे तेवढे झोपू द्या. परतीला मात्र मुंबईपर्यंत विमान घेतलेत तर एक दिवस वाचेल आणि घरी आल्यावर लगेच कामावर हजर होण्याची दगदगही कमी होईल.

इथे एक हिशेब नक्की करून घ्या. तुमचे सात दिवस घर सोडल्यापासूनचे आहेत की कोलकात्यात पोहोचल्यापासूनचे? दोन्ही बाजूंनी रेल्वे धरली आणि रजा सातच दिवसांची असली तर शहरासाठी जेमतेम साडेचार दिवस उरतात, आणि तक्ता मात्र पूर्ण सात दिवसांचा आहे. लांबच्या प्रवासाची आखणी करणाऱ्या बहुतेक जोडप्यांची पहिली चूक इथेच होते.

सहल कंपनीचा पर्याय मी नाकारत नाही. ज्यांना सामान, जेवण, तिकिटे यांचा विचारच नको असतो, किंवा सोबत वयस्कर माणसे असतात, त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे, आणि आपल्या बायकांना वर्षभरातून चार दिवस ‘आज काय करायचे’ हा प्रश्न पडत नाही, हे सुखही लहान नाही. पण अशा सहलींमध्ये कोलकाता बहुधा सिक्कीम-दार्जिलिंग किंवा अंदमानला जाता-येता एखाददुसऱ्या दिवसाचे असते. शिवाय तुम्हाला दोघांनीच जायचे आहे. तीस-चाळीस माणसांत तुम्ही दोघे पुन्हा तेच कराल, जे २१ वर्षे लग्नकार्यांत केले, म्हणजे तुम्ही बायकांत आणि ते पुरुषांत. त्यापेक्षा एखाद्या सकाळी दोन-तीन तासांसाठी उत्तर कोलकात्याच्या जुन्या वस्तीतून पायी फिरवून आणणारा स्थानिक मार्गदर्शक घ्या. माहितीही मिळेल आणि उरलेला दिवस तुमचा राहील.

दिवस चारवर आणू नका. अनोळखी शहरातील पहिले दोन दिवस चुकण्यात जातात: कोणत्या बाजूला वळायचे, सुटे पैसे कुठे लागतात, चहा कुणाकडे चांगला मिळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते शहर थोडे ओळखीचे होते, आणि चार दिवसांचा बेत नेमका तेव्हाच संपतो. एकाच हॉटेलात सातही दिवस राहा, खोल्या बदलत बसू नका; खालचा चहावाला तिसऱ्या दिवशी न विचारता दोन कप पुढे करतो, तेव्हा परके शहर किती जवळ येते हे तुम्हाला कळेल. हॉटेल निवडताना मेट्रोच्या स्थानकाजवळचे पाहा. भारतातील पहिली मेट्रो १९८४ साली कोलकात्यात धावली आणि आजही अनोळखी माणसासाठी ती सर्वांत सोपी सोय आहे. दक्षिणेश्वरच्या देवळापर्यंत ती जाते, आणि २०२४ पासून हावड्याहून हुगळी नदीच्या तळाखालून एस्प्लनेडलाही नेते. दुकाने आणि रहदारी जवळ हवी असेल तर एस्प्लनेड-पार्क स्ट्रीटचा परिसर, आणि घरगुती, शांत वस्ती हवी असेल तर दक्षिणेकडील काळीघाट-गडियाहाटची बाजू. तुमच्या पत्रावरून मला दुसरी बाजू तुम्हाला मानवेल असे वाटते.

उजेडाचे गणित तक्त्यात आलेले नाही. कोलकाता आपल्यापेक्षा इतके पूर्वेला आहे की घड्याळ तेच असले तरी सूर्य जवळजवळ तासभर आधी उगवतो आणि मावळतो. जानेवारीत तिथे सव्वासहालाच उजाडते आणि सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास दिवस बुडतो. संध्याकाळी साडेपाचनंतर तुम्ही जी बागेतली, घाटावरची ठिकाणे लिहिली आहेत, ती तुम्हाला अंधारात दिसतील. थंडीची मात्र काळजी नको. निफाडचा गारठा ठाऊक असलेल्या माणसाला कोलकात्याचा जानेवारी सुखाचा वाटतो. त्यामुळे सकाळ लवकर सुरू करा, दुपारी खोलीवर येऊन पडा, पुन्हा चारला बाहेर पडा. रात्रपाळीची सवय असलेल्या तुमच्या यजमानांनाही दुपारची झोप मिळेल. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ दोन्ही दुपारी बंद असतात, हे लक्षात घेतले तर त्या दिवसाचा क्रम आपोआप लागतो: सकाळी दक्षिणेश्वर, मधे विश्रांती आणि सायंकाळी बेलूरची आरती. या दोहोंच्या मधे नावेतून जाता येते. ती नाव चुकवू नका. कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकाने रविवारी बहुतेक बंद असतात, आणि सोमवारी इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालने बंद असतात. तुमच्या तक्त्यात ही दोन्ही नेमकी सोमवारी आहेत.

हे मी अनुभवाने सांगते आहे. आम्ही दोघे पहिल्यांदा कोलकात्याला गेलो तेव्हा असेच सोमवारी संग्रहालयाच्या बंद दाराशी पोहोचलो. आम्हाला त्या दिवसाचे दुसरे काही ठरवलेले नव्हते आणि थोडी चिडचिडही झाली. मग चालत बाबूघाटावर जाऊन पायऱ्यांवर बसलो. समोरून पानवेलींचे, म्हणजे जलपर्णीचे, मोठे हिरवे पुंजके वाहत चालले होते, आपल्या गोदावरीत दिसतात तसेच, एका पुंजक्यावर एक बगळा उभा. थोड्या वेळाने माझे यजमान म्हणाले, ‘समुद्र डावीकडे ना? मग हे उजवीकडे का चालले आहे?’ खरोखरच ती पानवेल हावडा पुलाच्या दिशेने, उगमाकडे चालली होती. शेजारच्या नावाड्याने सांगितले, भरती आहे. समुद्राची भरती हुगळीत एवढ्या आतपर्यंत चढते की नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. आम्ही तिथे तीन तास बसलो. पानवेल मंदावली, एका जागी फिरत राहिली आणि मग हळूहळू डावीकडे निघाली. त्या तीन तासांत आम्ही काय बोललो ते आठवत नाही, फार बोललो असेही नाही. पण गोदेच्या काठी वाढलेल्या आम्हा दोघांनी नदी वळताना पाहिली, आणि आजही पुराच्या बातम्या लागल्या की आमच्यात त्या दुपारचा विषय निघतो. तुमच्या धास्तीवर मला जे उत्तर द्यायचे आहे ते एवढेच आहे: बोलायला विषय लागतो, आणि तो दोघांनी मिळून काही निवांत पाहिले की मिळतो. ४० मिनिटांत एक याप्रमाणे ठिकाणे पाहिली तर छायाचित्रे भरपूर मिळतील, विषय मिळेलच असे नाही.

म्हणून तक्ता फाडू नका, पण यजमानांपुढे तो पुन्हा ठेवू नका. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, प्रत्येकी तीन गोष्टी लिहा: तिथे जाऊन मला काय पाहायचे, खायचे किंवा करायचे आहे. त्यांना सुचले नाही तर थोडी मदत करा. आयुष्य लोखंडाच्या संगतीत गेलेल्या माणसाला हावडा पुलाबद्दल सांगून पाहा. १९४३ साली खुला झालेला हा पूल नदीपात्रात एकही खांब न टाकता उभा आहे, त्याला साडेसव्वीस हजार टन पोलाद लागले, त्यातील २३ हजार टन टाटांच्या कारखान्यातून आले, आणि जोडणी नट-बोल्टांनी नव्हे, रिव्हेटांनी केलेली आहे. मला वाटते, हे ऐकून ते मोबाइल बाजूला ठेवतील. सकाळी सहाला त्या पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाटाच्या फुलबाजारात तुम्ही जा आणि त्यांना वर पुलाकडे मान करून उभे राहू द्या, दोघांचेही साधेल. तुमच्या तीन गोष्टींत पुस्तके असतील, तुम्ही सार्वजनिक वाचनालयाच्या जुन्या सभासद आहात असे लिहिलेच आहे. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसमध्ये एका कॉफीवर कितीही वेळ बसले तरी कोणी उठवत नाही. बंगालीत अशा निवांत गप्पांना ‘आड्डा’ म्हणतात आणि तो शब्द तिथे फार आदराचा आहे. आपल्याकडे मात्र त्याच शब्दाला भलताच वास येतो.

या सहा गोष्टी पक्क्या धरा, रोज एक. बाकीच्या पस्तीस ठिकाणांना शिलकीत ठेवा, त्या दिवशी वाटले तर जा. आणि एक अर्धा दिवस वेगवेगळे फिरा. हे वाचून तुम्हाला नवल वाटेल, कारण दोघांनी एकत्र राहावे म्हणून तर ही सहल. पण ते हावड्याचे रेल्वे संग्रहालय पाहत आहेत आणि तुम्ही गडियाहाटला तांत आणि जामदानी साड्यांच्या घड्या उलगडून पाहत आहात, येवल्याच्या पैठणीशी मनातल्या मनात तुलना करत आहात, आणि रात्री जेवताना दोघांजवळही दुसऱ्याने न पाहिलेले काहीतरी सांगायला आहे, हे चित्र मला फार आवडते.

दार्जिलिंग सोडून द्या. तो रात्रभराचा रेल्वेप्रवास आणि वर घाटाचा रस्ता आहे, आणि त्याला स्वतंत्र आठवडा द्यायला हवा. गंगासागराचा विषय नाजूक आहे, कारण तो सासूबाईंच्या श्रद्धेचा आहे. प्रत्यक्षात काय करावे लागते ते त्यांना समजावून सांगा: कोलकात्याहून रस्त्याने काकद्वीपजवळच्या धक्क्यापर्यंत तीनेक तास, तिथून फेरीबोटीने नदी ओलांडायची, पलीकडे उतरून पुन्हा ३० किलोमीटर, आणि ओहोटी असली तर बोटी थांबतात आणि धक्क्यावरच ताटकळावे लागते. सगळा मिळून एक पूर्ण, थकवणारा दिवस जातो. मकरसंक्रांतीला तर तिथे लाखोंची यात्रा भरते, म्हणून तुम्ही २० जानेवारीनंतरच निघा. तुम्हा दोघांनाही मनापासून जावेसे वाटत असेल तर एक दिवस जरूर द्या. केवळ ‘आई काय म्हणतील’ म्हणून जात असाल तर दक्षिणेश्वरच्या घाटावरून भरून आणलेले गंगाजल त्यांच्या हाती द्या; तीही गंगाच आहे, आणि भागीरथीचेच ते पाणी आहे हे आईंना मान्य होईल.

खाण्याची चिंता तुम्ही समजता त्याहून बरीच लहान आहे. कोलकात्यात मारवाडी आणि गुजराती वस्ती मोठी आहे, शाकाहारी भोजनालये जागोजागी आहेत. पण सात दिवस तिथेही पोळी-भाजीच शोधत बसू नका. सकाळी कचोरी आणि आलूर दम, लुची आणि छोलार दाल, केळफुलाची भाजी, वांग्याचे जाड काप, असे पुष्कळ आहे. मागताना ‘निरामिष’ हा शब्द वापरा, तो तिथे सर्वांना कळतो. आणि डाळ मागवतानाही विचारून घ्या, कारण मुगाच्या डाळीत माशाचे डोके घालण्याची तिकडे पद्धत आहे. जानेवारीत जात आहात हे तुमचे भाग्य समजा, कारण खजुराच्या झाडाच्या रसाचा नवा गूळ, ‘नोलेन गुड’, हिवाळ्यातच मिळतो. पातळ असताना तो आपल्या काकवीसारखा दिसतो, पण चवीला धुराचा हलका वास असतो, आणि त्याचा ताजा ‘संदेश’, म्हणजे छेन्याची मिठाई, हातात घेतला की बोटांना किंचित ऊब लागते.

शहर चुकले का, या प्रश्नाचे उत्तर एव्हाना तुम्हाला मिळाले असेल. पंचवटीच्या माणसाने शिवपूरच्या वनस्पती उद्यानातला तो वड पाहावा, ज्याचे मूळ खोड रोगामुळे १९२५ साली काढून टाकले आणि तरीही जो पारंब्यांवर आजतागायत विस्तारतो आहे. पांडवलेण्यांतील शिलालेखांखालून शाळेच्या सहलीत गेलेल्या माणसाने इंडियन म्युझियममधील भारहूतच्या स्तूपाचा कठडा पाहावा. तुम्ही निवडलेले शहर उत्तम आहे.

जाण्यापूर्वी एक तालीम मात्र अवश्य करा, आणि हे मी तुमच्यासारख्या सगळ्याच जोडप्यांना सुचवते. येत्या एखाद्या रविवारी, यजमानांची पाळी नसेल तेव्हा, स्कूटर घरी ठेवून दोघे सिटी बसने रविवार कारंजावर उतरा. काहीही ठरवू नका. मिसळ खा, पायी भांडीबाजारातून घाटाकडे उतरा, नारोशंकराच्या घंटेपाशी थांबा, घाटाच्या पायरीवर तासभर बसा. फोन फक्त आईंना करण्यापुरता. सुरुवातीला अवघडल्यासारखे होईल, कदाचित पहिला अर्धा तास कोणी काही बोलणार नाही. तो अर्धा तास भरून काढण्याची घाई करू नका. आणि समजा त्या तासात काही जुने, राहून गेलेले, दुखरे वर आले, तर ते इथेच, आपल्या गावात बोलून घ्या. ते सहलीवर सोपवू नका, सात दिवसांच्या सुट्टीवर तो भार टाकणे बरोबर होणार नाही.

परतताना भांडीबाजारातून घट्ट झाकणाचा एक लहान तांब्याचा गडू दोघांच्या पसंतीने विकत घ्या. गंगाजल त्यातच आणायचे आहे. विमानाने परतणार असाल तर तो नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडते, पूर्वीसारखे १२० दिवस नाही. तेव्हा तारीख नक्की करून तो दिवस दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवा, आणि त्या सकाळी तिकीट काढायला यजमानांना बसवा.